पदीबायच्या जिभेवरची तुळस

शब्दमात्राची जी माता, त्या श्रीशारदेला आणि आमच्या अंबरनाथच्या भोळ्या शंकराला वंदन करून हे लिहावयास घेतो. चिखलोलीच्या पदीबाय यांचे वर्षश्राद्ध परवा यथासांग पार पडले. विधी आटोपल्यावर त्यांची सून सुरेखा माझ्या हातावर पाणी घालीत म्हणाली, "भटजीबाबा, तुमी लिवतान. आमचे आयचं कायतरी लिवून ठेवा. मयुरीचे पोरांना ती आठवत पन नाय." मयुरी म्हणजे सुरेखाची लेक, पदीबायची नात. तिच्या मुलांसाठी, आणि ज्यांनी पदीबायला पाहिले नाही अशा सर्वांसाठी, हे तिचे चित्र.

माझी आणि तिची पहिली भेट बुवापाड्यातल्या एका लग्नमांडवात झाली. पाठशाळेतून नुकताच बाहेर पडलेला मी, शुद्ध उच्चारांचा आणि वेळेच्या नेमकेपणाचा मला फार अभिमान. घटिका पाहून मी संकल्प उच्चारू लागलो, तोच मांडवाच्या खांबाला पाठ टेकून बसलेल्या एका बाईने हात वर केला. "थांब रे पोरा. देव आजून आयलं नाय. कोनाचे समोर बोलतंस?" मांडवात हशा पिकला. मी हातातली पळी खाली ठेवली आणि ती गाऊ लागली.

आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण असते, हे मला त्या दिवशी समजले. ती धवले गाते. धवले म्हणजे लग्नाची पिढीजात गाणी. त्यांत धरतरीला, सूर्याला, वेशीवरच्या देवाला, डोंगरावरच्या देवीला, एकेकाला नाव घेऊन लग्नाचे बोलावणे जाते. धवलारीण एक ओळ गाते आणि मागच्या बाया ती झेलतात. पदीबायचा आवाज असा होता की मागून कोणी झेलले काय आणि न झेलले काय, फरक पडत नसे. तिचे माहेर मिठागरवाल्यांचे. लहानपणी मिठाच्या एका वाफ्यावरून पलीकडच्या वाफ्यावरच्या बापाला हाका मारून तो आवाज तयार झाला होता. मागच्या बाया एखाददुसरी ओळ झेलून पानाचे तबक पुढे ओढीत आणि गप्पांना लागत. पदीबाय एकटी, पाठ ताठ ठेवून, दोन-दोन तास गात राही.

त्यानंतर तीस-पस्तीस वर्षे आम्ही कितीतरी लग्ने जोडीने लावली. तिला अक्षर ओळखीचे नव्हते, पण तिच्याकडे धवल्यांचा जो साठा होता तो कुठल्याच पोथीत नव्हता. मी एकदा म्हणालो, "पदीबाय, हे कोणाला तरी शिकवून ठेवा." ती म्हणाली, "शिकवाचा कसला? कान हाय ना परतेकीला." कान सगळ्यांना होते, पण ऐकण्याची गरज कोणाला वाटत नव्हती. पदीबाय होतीच ना गायला.

तिला एकच खोड होती. कमरेच्या पिशवीत मिश्रीची डबी असे. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड डाव्या गालात लावल्याखेरीज तिचा दिवस उजाडत नसे. मी एकदा उपदेश करू गेलो. तिने माझ्या उपरण्याच्या गाठीकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "नं तुमची ती तपकीर, ती काय परसाद हाय?" तपकिरीची डबी माझ्या उपरण्यातच होती. त्या विषयावर मी पुन्हा बोललो नाही. बोलायला हवे होते.

मयुरीचे लग्न ठरण्याच्या सुमारास पदीबायच्या जिभेच्या डाव्या कडेला एक फोड आला. तोंड आले असेल म्हणून तिने तूप लावले, हळद लावली, दोन-तीन महिने काढले. फोड बरा होईना, तेव्हा सुरेखाने तिला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. निदान कर्करोगाचे निघाले. तेथल्या शल्यवैद्य एक तरुण बाई होत्या. त्यांनी घाई न करता सगळे समजावून सांगितले. जिभेचा रोगट भाग, सुमारे तिसरा हिस्सा, काढून टाकावा लागेल. त्या जागी हाताच्या मनगटावरची कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट आणून बसवायची आणि ती वाहिनी मानेतल्या वाहिनीला जोडायची. रक्त वाहू लागले की तो तुकडा तिथे जगतो.

पदीबाय पिढीजात भातशेतीतली. तिला हे लगेच समजले. "म्हंजे आवन. रोप उपटाचं तं मुलाची माती संगं घ्याची, मंग दुसरे खाचरात लागते." डॉक्टरबाई हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, मी विद्यार्थ्यांना हेच इतकं सोपं सांगू शकत नाही." मग पदीबायने तिचा एकच प्रश्न विचारला. "नातीचे लग्नात धवला गाईन काय मी?"

डॉक्टरबाईंनी खोटे आश्वासन दिले नाही. "घरच्यांना समजेल असं बोलणं यावं, गिळता यावं, यासाठी आम्ही सगळं करू. गाण्याचं वचन मी देऊ शकत नाही." पदीबाय म्हणाली, "खरा बोलली. तुजे हातून करून घेईन."

अडचण निघाली ती दुसरीच. डॉक्टरबाईंनी दोन्ही मनगटे दाबून रक्ताचा प्रवाह तपासला. उजव्या हाताची वाहिनी काढली तर पंजाला रक्त पुरले नसते, म्हणून डावा हात ठरला. मांडीची कातडी जाड, जिभेला तिचे ओझे झाले असते. आणि पदीबायच्या डाव्या मनगटावर, लग्नाआधी गोंदून घेतलेले, हिरवे तुळशीवृंदावन होते. डॉक्टरबाईंनी आधीच कल्पना दिली, "आजी, हे गोंदण जिभेवर येईल. त्याने अपाय काही नाही. पण तुम्हाला चालेल ना?"

पदीबायला चालेना. दुसऱ्या दिवशी ती माझ्या बदलापूरच्या घरी आली. ओसरीवर बसून तिने मनगट माझ्यापुढे धरले. "भटजीबाबा, आमचेत जो तुलशीची माल घालतो तो म्हावरा सोरतो. ही तुलस जिबेवर आयली, तं मी म्हावरा कसा खाऊ? नं नाय सोरला तं पाप कोनाला? तुमी पोथी बगून सांगा. तुमी सांगाल तवा मी हास्पिटलान जाईन."

आगऱ्याच्या घरात म्हावरा म्हणजे मासळी, आणि मासळी म्हणजे जेवण. प्रश्न तिच्या दृष्टीने गंभीर होता. आणि येथे माझ्या हातून जी चूक घडली ती मी लपवीत नाही. मी म्हणालो, "पदीबाय, धर्मनिर्णय घाईने देऊ नये. पाहून सांगतो." मला त्या प्रश्नात एक प्रकारचा आनंद वाटला होता, हेही कबूल करतो. असा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मी स्मृती काढल्या, निबंधग्रंथ काढले, तुळशीच्या माहात्म्याची प्रकरणे वाचली, वाईच्या एका विद्वान स्नेह्यांना सविस्तर पत्र लिहून उत्तराची वाट पाहत बसलो. टिपणे वाढत गेली. शस्त्रक्रियेचा ठरलेला दिवस उलटून गेला आणि मला तो ठाऊकही नव्हता, कारण मी विचारलाच नव्हता.

एके संध्याकाळी सुरेखा दारात उभी राहिली. ती तेव्हा उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये जीन्स शिवायच्या कारखान्यात कामाला होती. तशीच आली होती, ओढणीवर निळ्या दोऱ्याचे तुकडे.

"भटजीबाबा, आयची तारीख गेली. डाक्टरीनबाई बोलली, परत तारीख मिलाला तीन आठवरं लागतील. आय बोलते, भटजीबाबा पोथी बगतान. तुमची पोथी हाय तरी केवरी?"

मी म्हणालो, "सूनबाई, विषय सूक्ष्म आहे. तुळशीचा आणि मत्स्याहाराचा संबंध—"

तिने मला पुरते बोलू दिले नाही. "कसला संबंध? आयचा डावा हात तो. चालीस वर्सं त्याच हातान बोंबील धरलं, त्याच हातान कोलबी सोलली. ती तुलस चालीस वर्सं म्हावऱ्यानच हाय. तवा कोनी पोथी बगली नाय."

मी समोरचा ग्रंथ मिटला. त्यात जे सापडत नव्हते ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईने दारात उभ्या उभ्या सांगितले होते. चपला घालून मी तिच्याबरोबर निघालो. पदीबाय अंगणात बसली होती. मी म्हणालो, "पदीबाय, ती तुळस तुमच्या मासळीला कधी रागावली नाही. आताही रागावणार नाही. पाप असेल तर ते माझ्या उशिराचे आहे, आणि ते माझ्याकडे राहू द्या."

तिने मनगटावरच्या तुळशीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "आक्खे गावाचं मुहूर्त बरोबर काढलंस. माजाच चुकवलास." मला ती पहिल्या भेटीनंतर प्रथमच एकेरीत बोलली होती. त्यात राग होता, आणि माझ्यावरचा हक्कही.

नवी तारीख मिळेपर्यंत फोड वाढला होता. तिसरा हिस्सा काढायचा होता, तेथे आता निम्मी जीभ काढावी लागली. मी डॉक्टरबाईंना भेटून स्पष्ट विचारले की हे माझ्या उशिराने झाले काय. त्या म्हणाल्या, "नक्की सांगता येणार नाही. आधी केलं असतं तर बरं, एवढंच म्हणेन." हे वाक्य मी आजवर उशाशी ठेवले आहे. त्या दिवसापासून मला कोणी आजारी माणसाविषयी काही विचारले, तर मी आधी डॉक्टरांची तारीख विचारतो आणि मग पंचांग उघडतो.

शस्त्रक्रिया दिवसभर चालली. पुढचे काही दिवस पदीबायच्या नाकात अन्नाची नळी होती, श्वासासाठी गळ्याला छिद्र होते, शब्द एकही नाही. दर तासाला परिचारिका येऊन तोंडात बॅटरीचा उजेड पाडी आणि त्या नव्या तुकड्याचा रंग पाही. कधी बारीक सुई टोचून रक्ताचा थेंब काढी. थेंब लाल निघाला की सुरेखा माझ्याकडे बघून मान हलवी. पदीबाय मात्र पलंगाच्या लोखंडी कठड्यावर बोटांनी ठेका धरून बसे. परिचारिकांना वाटे की आजींना काही हवे आहे. तो धवल्याचा ठेका होता, हे सुरेखाने त्यांना सांगितले.

तुकडा जगला. त्यापुढे किरणोपचार झाले, तोंड कोरडे पडले, चव गेली, वजन उतरले. डाव्या हातावर मांडीवरून पातळ सोलून घेतलेली कातडी लावली होती. तेथे एक खोलगट जागा राहिली, आणि ती पदराखाली झाकावी असे तिला कधी वाटले नाही. "खाचरातली माती काढली की खड्डा रातोच," ती म्हणे. घरी आल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा तिने तोंड उघडून जीभ दाखवली. उजवी बाजू नेहमीची लाल. डावी बाजू फिकट, मऊ, आणि तिच्यावर थोडे तिरके झालेले हिरवे वृंदावन, वर पाच पाने. माझे हात आपोआप जोडले गेले. तिने जीभ आत घेतली आणि जड, घोगऱ्या शब्दांत विचारले, "नमस्कार मना का तुलशीला?" तिचे हे शस्त्रक्रियेनंतरचे मला समजलेले पहिले वाक्य. तपकिरीची डबी मी त्याच संध्याकाळी टाकली. तिची मिश्री तर केव्हाच सुटली होती.

बोलणे सुधारावे म्हणून रुग्णालयातल्या वाचाउपचार करणाऱ्या मुलीने तिला व्यायाम दिले होते. मीही हातभार लावायचे ठरवले. कुठला वर्ण तोंडात कुठे उमटतो हे मी आयुष्यभर शिकवीत आलो होतो. कंठातले आणि ओठांवरचे वर्ण तिचे शाबूत होते. जिभेच्या शेंड्याला वर उचलावे लागे तेथे ती अडखळे. मी तिच्याकडून 'बाळ', 'पाणी' असे शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेई आणि प्रगती नाही म्हणून मनातून खचे. आठवडाभराने सुरेखाच्या हे लक्षात आले. ती हसता हसता खाली बसली. "भटजीबाबा, ती जल्मान 'पानी'च बोलली. तुमी तिला बरी करतान का बामन करतान?" पदीबायही हसली. हसताना तोंडातून लाळ ओघळली, ती तिने पदराने पुसली आणि पुन्हा हसली.

मासळी ती खाऊ लागली. डाव्या बाजूला काटा टोचला तरी कळत नसे, म्हणून सुरेखा काटे काढून देई आणि घास उजवीकडून घ्यावा लागे. गिळताना मान उजवीकडे कलती करायची, मग घोट उतरे. एकदा जेवताना तिने मला सांगितले, "तुलशीचे बाजूला चवच लागत नाय. म्हावरा खातंय ती या बाजूला. तुमचा शास्त्र पन पाललं नं माजा जेवान पन जालं." वाईहून स्नेह्यांचे उत्तर त्याच सुमारास आले होते. आठ पाने होती. त्यातून इतका स्वच्छ निर्णय निघाला नव्हता.

राहिला होता धवला. मयुरीचे लग्न एक वर्ष पुढे ढकलले होते, ते आता जवळ आले. पदीबायचे घरातले बोलणे घरच्यांना समजू लागले होते, पण गाणे वेगळे. सूर पूर्वीसारखाच भरदार होता, शब्द मात्र मध्येच विरघळत. तिने सुरेखाला सांगितले, "दुसरे गावची धवलारीन बोलव. पोरीचे सासरचे हसतील." सुरेखाने दुसरी धवलारीण शोधली नाही. तिने शेजारच्या दहा बाया जमवल्या आणि संध्याकाळी अंगणात आणून बसवल्या. "आय, तू नुसता चाल दे. आमी झेलताव."

मी एकदा तो सराव पाहिला. पदीबाय ओळ गाई, त्यातले तीन शब्द स्पष्ट, दोन गळालेले. बाया एकमेकींकडे बघत. "आय, कोनाला बोलावलास?" ती पुन्हा गाई. "डोंगरावरचीला का?" ती नाही म्हणून मान हलवी. "नाय, खालचे वेशीवरचा?" ती मांडीवर थाप मारी, म्हणजे बरोबर. एकेका ओळीला असा वेळ लागे. एक बाई वैतागून म्हणाली, "पयलं तुजा सगला समजाचा तवा आमी ऐकलाच नाय गं." दुसरी म्हणाली, "तवा तू पान चघलाची." तिसऱ्या आठवड्यात मी गेलो, तर ओळ पदीबायच्या तोंडातून निम्मी निघाली होती आणि उरलेली निम्मी दहा गळ्यांनी एकदम पुरी केली. मयुरी उंबऱ्यावर बसून ऐकत होती. तिचे ओठ हलत होते.

लग्न चिखलोलीच्या नव्या इमारतींजवळच्या सभागृहात झाले. सासरची मंडळी खुर्च्यांवर बसली होती. मागे सुरेखा आणि त्या बाया सतरंजीवर, मध्ये पदीबाय, पाठ ताठ. तिने सूर लावला. पुढच्या रांगेतल्या काही पाहुण्यांनी शब्द समजेनात म्हणून मागे वळून पाहिले, आणि त्याच क्षणी मागच्या बायांनी ओळ झेलली, स्पष्ट, एकेक नाव घेऊन. पाहुण्यांच्या माना पुन्हा पुढे झाल्या. कोणी हसले नाही. धरतरीला बोलावणे गेले, सूर्याला गेले.

किरणोपचारांमुळे पदीबायचे तोंड वारंवार कोरडे पडे. अर्ध्या धवल्यात ती थांबली. मी पूजेचे साहित्य घ्यायला मागे तिच्या शेजारीच आलो होतो, ते तसेच राहिले. तीस-पस्तीस वर्षांत ती गाताना मध्ये थांबलेली मी पाहिली नव्हती, कारण ती थांबली की धवलाच थांबे. तिने तांब्या उचलला, मान उजवीकडे कलती केली आणि एकेक घोट सावकाश उतरवू लागली. सुरेखाने तिच्याकडे एकदा पाहिले आणि पुढची ओळ स्वतः उचलली. बाकीच्यांनी ती झेलली. एक देव आला, दुसरा आला. पदीबायने तांब्या खाली ठेवला, तोंड पुसले आणि माझ्याकडे झुकून म्हणाली, "बगलंस काय? मी पानी पितंय नं धवला चाललाय."

त्यानंतर ती सहा वर्षे जगली. रोग उलटला नाही. वार्धक्याने, आपल्या माणसांत, ती शांतपणे गेली. तिचे धवले आज अकरा बायांना पाठ आहेत.

वाचकहो, ईश्वर तुमच्या घरात आरोग्य आणि गोडवा नांदवो. आजार आला तर वेळेवर उपचार देणारे हात तुम्हाला लाभोत. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे बोलणे ऐकायला तुमच्या लेकीसुनांना आणि मुलांना सवड असो, आणि तुमच्या दारी लागणाऱ्या प्रत्येक मांडवात देव नाव घेऊन बोलावले जावोत. शुभं भवतु.